सुधारणेचा ताप

‘सुधारणा’ हा मराठी माणसाच्या फार जिव्हाळ्याचा शब्द आहे. आगरकरांनी १८८८ साली स्वतःचे पत्र काढले, तेव्हा त्याचे नावच ‘सुधारक’ ठेवले. सुधारणा कोणती करायची, किती करायची, कोणाला विचारून करायची आणि तिचा जाच कोणी सोसायचा, यावर त्या काळात कडाक्याचे वाद झाले. वाद कडू होते, पण उघड होते. आज आपल्या घरात सुधारणा येते ती रात्री अकराच्या सुमारास, लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा चौकोनातून. ‘आता करू की नंतर करू?’ एवढेच ती विचारते. ‘मुळीच नको’ हे उत्तर त्या चौकोनात बहुधा नसतेच.

सकाळी उठून पाहावे तो पडद्याचे रूपडे पालटलेले असते. नेहमीची चिन्हे भलतीकडे गेलेली असतात. त्याची सवय होते. पण एखादा व्हिडिओ लावला, की दहा मिनिटांत लॅपटॉपचा तळ असा तापतो की मांडीवर ठेवण्याची सोय राहत नाही. आतला पंखा घरघरू लागतो, चित्र अडखळते, आवाज पुढे जातो आणि बोलणाऱ्याचे ओठ मागे राहतात. कालपर्यंत हेच यंत्र हाच व्हिडिओ निमूटपणे दाखवीत होते. बदलली ती फक्त त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारे सॉफ्टवेअर. मग यंत्र आजारी पडले, की त्याला आजारी पाडले गेले?

मी दापोडीत राहतो. पुण्याहून मुंबईकडे निघालात की मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडताच लागते ते हे गाव. लोकलचे स्टेशन आहे, १ ऑगस्ट २०२३पासून मेट्रोही येथे थांबते. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कारखाने आहेत. माझी सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात गेली. त्यामुळे एखादे यंत्र तापले, की ते का तापले हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

आमच्या इमारतीत बारावीची एक मुलगी आहे. वडील भोसरीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई घरी शिवणकाम करते. २०२०च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा या कुटुंबाने कोणाकडून तरी वापरलेला लॅपटॉप अठरा हजारांना घेतला. क्लासची फी परवडण्यासारखी नाही, म्हणून ही मुलगी भौतिकशास्त्र आणि गणित व्हिडिओवरच्या व्याख्यानांतून शिकते. ऐन अभ्यासाच्या दिवसांत लॅपटॉपने वर सांगितलेला अवतार धारण केला. ती दर वीस मिनिटांनी तो बंद करून खिडकीत थंड करायला ठेवी आणि मग पुन्हा सुरू करी. वडील तो घेऊन एका दुकानात गेले. दुकानदाराने दोन मिनिटे पाहिल्यासारखे केले आणि निकाल दिला, ‘‘भाऊ, मदरबोर्ड जायच्या बेतात आहे. यात पैसे घालू नका, नवा घेऊन टाका.’’ नवा म्हणजे चाळीस हजारांच्या घरात. त्या घराची ती दोन-अडीच महिन्यांची कमाई. मुलगी वडिलांना म्हणाली, ‘‘राहू द्या बाबा, मी मोबाइलवर बघते.’’ मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर फळ्यावरची समीकरणे वाचायची! लॅपटॉपचा ताप हा माझ्या दृष्टीने त्या क्षणी किरकोळ विषय राहिला नाही.

आता यात नेमके घडते काय, ते पाहू. विषय तांत्रिक आहे, पण अवघड नाही.

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या, स्वच्छ व्हिडिओच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि अशी चित्रे सेकंदाला तीस येतात. म्हणजे सेकंदाला सहा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवायचे. ही माहिती जशीच्या तशी पाठवायची म्हटली, तर मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डाटा आठ-नऊ सेकंदांत संपून जाईल. म्हणून व्हिडिओ घडी घालून पाठवतात. पैठणीची नीट घडी घातली की ती लहानशा पेटीत मावते, तसेच. आपल्या यंत्राचे काम ती घडी क्षणोक्षणी उलगडण्याचे.

घड्या घालण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि त्या बदलत गेल्या आहेत. एच.२६४ नावाची रीत २००३ची, व्हीपी-९ ही २०१३ची आणि एव्ही-१ ही २०१८ची. नवी रीत अधिक लहान घडी घालते, त्यामुळे डाटा वाचतो; पण ती उलगडायला कष्ट जास्त पडतात. हे कष्ट वाचावेत म्हणून चिपमध्ये एक कोपरा केवळ घडी उलगडण्यासाठी राखलेला असतो. तो हे एकच काम करतो आणि अगदी थोड्या विजेत करतो. मात्र ज्या रीती त्यात घडवतानाच घातल्या असतील, तेवढ्याच त्याला येतात. इंटेलच्या लॅपटॉपमधल्या चिपना एव्ही-१ची रीत अवगत झाली ती २०२०मध्ये आलेल्या अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या चिपला ती शिकवता येत नाही.

हा राखीव कोपरा कामाला लागला नाही, तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तो काम करतो, पण घरात मिक्सर असताना पाट्या-वरवंट्यावर चटणी वाटावी तसे. चटणी होते, हात भरून येतात आणि घाम फुटतो.

सुधारणेनंतर असे होण्याची मुख्य कारणे दोन. पहिले कारण ड्रायव्हरचे. आमच्या दापोडीत ड्रायव्हर म्हटले की एस.टी.चा खाकी कपड्यांतला माणूस डोळ्यांपुढे येतो. संगणकातला ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि चिप यांच्यात बोलणे घडवणारा दुभाषी. नवी सिस्टीम येताना पुष्कळदा लॅपटॉप बनवणाऱ्याने दिलेला खास दुभाषी काढून टाकते आणि सर्वांना चालेल असा एक सामान्य दुभाषी बसवते. त्याला त्या राखीव कोपऱ्याशी धड बोलता आले नाही, की कोपरा रिकामा बसून राहतो. दुसरे कारण असे, की नव्या सिस्टीमबरोबर आलेला ब्राउझर किंवा व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर नवी घडी मागवते आणि जुन्या चिपला ती स्वस्तात उलगडता येत नाही. याखेरीज पहिला दिवस-दीड दिवस नवी सिस्टीम पडद्याआड आपली आवराआवर करीत असते, फायलींच्या याद्या बनवीत असते. तेवढा ताप मात्र आपोआप उतरतो.

उष्णतेचे गणितही घरगुतीच आहे. पातळ लॅपटॉपच्या प्रोसेसरची आखणी बहुधा १५ वॅटच्या आसपासची असते. पूर्वी आपण ज्याला झिरोचा दिवा म्हणत असू, तो बहुधा १५ वॅटचाच असे आणि त्याला हात लावला की चटका बसे. तेवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर काढायची असते. उष्णता नाहीशी होत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावी लागते. आमच्या दापोडीतच अल्फा लावल ही कंपनी आहे. तिचा मोठा व्यवसाय उष्णता इकडून तिकडे नेणाऱ्या हीट एक्स्चेंजरचाच. लॅपटॉपमध्ये हे काम एक तांब्याची नळी, एक चिमुकला पंखा आणि चिपवर लावलेला पेस्टचा पातळ थर करतात. चार-पाच वर्षांत पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते, पेस्ट वाळते. कालपर्यंतचा हलका भार असे यंत्र पेलत होते. नव्या भाराने त्याची शक्ती संपते. चिपचे तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचले, की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि चित्र अडखळते. म्हणजे ते अडखळणे हे मरणाचे लक्षण नसते. जीव वाचवण्याची धडपड असते.

त्या मुलीच्या लॅपटॉपचे असेच निघाले. पिंपरीत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने व्हिडिओ लावून टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्सखाली जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा आलेख असतो. व्हिडिओ चालू आणि आलेख शून्यावर, म्हणजे राखीव कोपरा झोपलेला. त्याने लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून मूळ ड्रायव्हर घेऊन बसवला, ब्राउझरमधले ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ चालू असल्याची खात्री केली, पंखा साफ केला आणि नवी पेस्ट लावली. सातशे रुपये घेतले. मदरबोर्ड ठणठणीत होता. चाळीस हजार आणि सातशे यांच्यात जे अंतर आहे, ते अज्ञानाचे आहे. आणि त्या अज्ञानाची किंमत ज्यांना ती परवडत नाही, त्यांच्याकडूनच वसूल होते.

येथे मला एस.टी.ची आठवण होते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धावली. महामंडळाच्या राज्यात तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याची, नागपूरला हिंगण्याची आणि आमची दापोडीची. जुन्या चेसिसवर नवा सांगाडा चढवून गाडीची पुनर्बांधणी करण्याचे काम या कार्यशाळांना नवे नाही. जुन्या यंत्रावर नवी सुधारणा म्हणतात ती हीच. पण तिथे सांगाडा चढवणाऱ्याला आधी पाहावे लागते, की ही चेसिस हे वजन पेलेल का. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर सांगते, की वाहनात मुळातला बदल करायचा तो नियमांत बसणारा हवा आणि त्याची नोंद आरटीओकडे झाली पाहिजे. बदल केला कोणी, तपासला कोणी, हे कागदावर राहते. घाटात गाडी तापून उभी राहिली, तर जाब विचारायला जागा असते.

आमच्या मेंटेनन्स खात्यातही हाच रिवाज होता. चालत्या यंत्रात बदल करायचा तर आधी उत्पादन खात्याला कळवायचे, वहीत नोंद करायची, चाचणी घ्यायची आणि नवा भाग महिनाभर नीट चालेपर्यंत जुना भाग भंगारात टाकायचा नाही. ‘परतीची वाट बुजवू नका,’ असे आमचे फोरमन सांगत. लॅपटॉपच्या सुधारणेत नोंद दिसत नाही, चाचणी आपल्याच घरात होते आणि परतीची वाट काही दिवसांत बुजते. विंडोज १० वरून ११ वर गेलेल्यांना मागे फिरायला साधारणपणे दहा दिवस मिळतात. ज्या घरात लॅपटॉप आठवड्यातून दोनदा उघडतो, तिथे ताप कोठून आला हे कळेपर्यंत ते दहा दिवस उलटून गेलेले असतात.

यावर कोणी म्हणेल, ‘मग सुधारणा घेऊच नका.’ हा सल्ला धोक्याचा आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या संगणकी विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याला रोखणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. पुढच्याच महिन्यात, जून २०१७मध्ये, नॉटपेट्याचा हल्ला झाला आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. सुरक्षेच्या दुरुस्त्या या लसीसारख्या आहेत, त्या घेतल्याच पाहिजेत.

माझा आक्षेप लसीला नाही, लसीबरोबर जे येते त्याला आहे. लस टोचायला आलेल्या माणसाने जाताना स्वयंपाकघराची भिंत पाडून, चूल हलवून आणि वर ‘आता हे अधिक सोयीचे आहे’ असे सांगून जावे, तसा हा प्रकार आहे. सुरक्षा हवी असेल तर नवा थाट, नवा भार आणि नवा ताप हे सगळे एकाच पुड्यात घ्यावे लागते. विंडोज १०ला मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्यांची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली; नोंदणी करणाऱ्यांसाठी एक वर्षाची वाढीव योजना आली. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठव्या पिढीची किंवा पुढची चिप लागते. आता आधीचा हिशेब जोडून पाहा. आठवी, नववी आणि दहावी या पिढ्यांना नव्या सिस्टीमचा उंबरठा ओलांडू दिला आहे, पण नव्या घडीची कला त्यांच्या अंगी नाही. घराघरांतले कितीतरी लॅपटॉप याच तीन पिढ्यांचे आहेत.

सॉफ्टवेअरने आलेला ताप सॉफ्टवेअरने उतरतो, याचाही दाखला आहे. २०२३ साली आयफोन १५ प्रो तापतो अशी ओरड झाली. ॲपलने कारणांमध्ये सॉफ्टवेअरमधला दोषही असल्याचे मान्य केले आणि ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती दिली. नव्या कोऱ्या, लाखाच्या वर किमतीच्या फोनची ओरड इतक्या लवकर ऐकू गेली. पाच वर्षांच्या, वापरलेल्या, अठरा हजारांच्या लॅपटॉपची ओरड कोण ऐकणार?

इतर देशांत ती कायद्याने ऐकायला लावली आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. ठपका असा, की जुने फोन ज्यांचा भार नीट पेलू शकत नव्हते अशा सुधारणा ग्राहकांना पुरेशी माहिती न देता घ्यायला लावल्या आणि परतीची सोय ठेवली नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२०मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला, तोही सुधारणेने फोन मंद होऊ शकतो हे न सांगितल्याबद्दल. युरोपीय संघाने तर १ मार्च २०२१पासून टीव्ही, मॉनिटर, फ्रिज, धुलाईयंत्रे यांना एक साधा नियम लावला आहे: सॉफ्टवेअरची सुधारणा आल्यावर यंत्राचा विजेचा खर्च वाढता कामा नये, वाढणार असेल तर ग्राहकाची आधी स्पष्ट संमती घ्यावी, आणि त्याने नाही म्हटले, तरी यंत्राच्या कामात फरक पडू नये.

हे तिसरे कलम मला फार मोलाचे वाटते. नकार देण्याचा हक्क आणि नकाराबद्दल शिक्षा न होण्याचा हक्क. विजेचा खर्च म्हणजेच उष्णता, हे आता वेगळे सांगायला नको. धुलाईयंत्राला जो न्याय मिळतो, तो मुलांच्या अभ्यासाच्या लॅपटॉपला का मिळू नये?

आपल्याकडे वाट अगदीच अडलेली नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू किती दुरुस्त करता येतात याचे गुण ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पण दुरुस्तीचा विचार करताना आपले लक्ष अजून स्क्रू, बॅटरी आणि सुटे भाग यांच्यावर आहे. सॉफ्टवेअरने बिघडवलेले यंत्र हा बिघाडच आहे आणि त्याचीही जबाबदारी कोणाची तरी आहे, हे आपल्या नियमांत लिहिले जायला हवे.

मागण्या अवाजवी नाहीत. सुधारणा घेण्याआधी या यंत्रावर तिचा भार किती पडेल, हे आपल्या भाषेत सांगावे. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या आणि नव्या सोयी वेगळ्या द्याव्यात. परतीची वाट किमान सहा महिने मोकळी ठेवावी. आणि लॅपटॉपच्या खोक्यावर, जशी औषधावर मुदत असते, तशी किती वर्षे दुरुस्त्या मिळतील ती तारीख छापावी.

तोवर आपण आपल्यापुरते सावध राहावे. मोठी सुधारणा परीक्षेच्या तोंडावर घेऊ नये. घेतल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच एखादा तासभराचा व्हिडिओ लावून हात लावून पाहावा. तापलाच तर आधी एक दिवस वाट पाहावी, मग ड्रायव्हर पाहावा, मग धूळ. मदरबोर्डची पाळी सर्वांत शेवटी. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून त्याच्या नाकपुड्या बंद करू नयेत. तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचललेला वाटला, तर मात्र तो बॅटरीचा आजार आहे. तिथे वाट न पाहता लॅपटॉप बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावा. आणि कोणी दोन मिनिटांत ‘नवा घ्या’ म्हणाले, तर दुसऱ्याचे मत घ्यावे. डॉक्टरच्या बाबतीत आपण हे करतोच.

सुधारणा हवी, याबद्दल वाद नाही. आगरकरांच्या भूमीत तो वाद कोणी घालणारही नाही. पण सुधारणा करणारा एकीकडे आणि तिचा ताप सोसणारा दुसरीकडे, ही वाटणी न्यायाची नाही. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावणाऱ्याने त्याच्या तापाचीही जबाबदारी घेतली पाहिजे. कारखान्यातल्या साध्या फिटरलाही एवढे कळते.